तीन मिलिमीटर

पत्ता लिहिताना नागपूरच्या डॉक्टरचं पेन थांबलं.
आंधळगाव? आणि आलात डोळे दाखवायला?
मीही हसले. हसताना ओठ फाटला.
भाकर आता पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही
हे मी सांगितलं नव्हतं,
त्यानेच विचारलं, पेन खाली ठेवून.

मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली,
निळ्या खुणांची, मोजपट्टीसारखी.
पाच मिनिटं मिटून बसा.
मिटल्या डोळ्यांनी मी अंजिराचं मरण आठवलं,
सख्खी बहीण. तिरडीपाशी मी कोरडी ठाक,
डोळ्यांत नुसती वाळू,
आणि मागून गिरजा, माझी जाऊ:
"पाहा ना, हिच्या डोऱ्यात टिपूस नाई."
अंजिराचा माग मला मिळणार होता,
त्यामुळे गावाला हिशेब सोपा गेला.
पट्टी भिजली तीन मिलिमीटर.
मी म्हटलं, हे लिहून द्या, सहीशिक्क्यानिशी.

दुखणं डोळ्यांचं, तुकडा काढला ओठातून.
काचेवर ठेवून कुंदा सोरते म्हणाली, बघा मावशी.
मोहाडीकडचीच पोर, म्हणून बघू दिलं.
गुलाबी कापडावर जांभळे ठिपके,
जागोजागी पन्नास-पन्नास खेटून बसलेले
पाझरणाऱ्या गाठींभोवती.
"या तुमच्याच पेशी. रक्तातल्या राखणदार.
जंतू आला की धावतात.
इथे जंतू नाही. तरी आल्यात, आणि उठत नाहीत.
एक दुसरीला हाक देते, दुसरी तिसरीला.
भुवईखालच्या आसवांच्या गाठीतही हेच चाललंय,
आणि डोळ्यावरच्या पातळ पडद्यात."
मग थकत कशा नाहीत?
"काही आठवण ठेवणाऱ्या असतात.
एकदा वैरी ठरवला, की वर्षानुवर्षं विसरत नाहीत."
म्हणजे गिरजासारख्या, मी म्हटलं.
कुंदाला कळलं नाही.

कुंपणच शेत खातं, असं तोंडावर आलं होतं.
गिळलं.
चाळीस वर्षं मी मांडीवर कोसा वळलाय.
किडा स्वतःभोवती भिंत विणतो ती जिवाच्या काळजीनं,
आणि त्या भिंतीसकट उकळत्या पातेल्यात जातो.
त्याला कोणी फितूर म्हणत नाही.
माझ्या पेशीही मला वाचवतच असतील,
रात्रंदिवस, जीव तोडून,
कुणापासून, तेवढंच चुकलं.

गोळी मिळाली ती मलेरियाची.
तुमसरचा दुकानदार म्हणाला, ताप कधीपासून?

जानेवारीत दंडातून रक्त घेतलं.
गोठू दिलं, नळ्या गरगर फिरवल्या.
राखणदार सगळ्या तळाशी बसल्या, लाल गाळात,
आणि वर जे पाणी उरलं
ते मी दुरूनच ओळखलं:
न रंगवलेल्या कोशाचा रंग.
त्यात मिठाचं पाणी मिसळून सात बाटल्या भरल्या.
हीच आता तुमची आसवं, थंड ठेवा,
उन्हात ठेवलीत तर नासतील.

लग्नातला थर्मास, त्यात बर्फ, एसटीची खिडकी.
घरी फ्रीज नाही.
आहे तो गिरजाकडे.

पहिल्या दिवशी तिने बाटली उजेडात धरून पाहिली.
हे तुहं रक्त?
रक्तातलं, मी म्हटलं, भांडणारं काढून टाकलेलं.
ती काही बोलली नाही. कुल्फीच्या साच्यामागे जागा केली.

माझा हात कापतो, थेंब पापणीवर पडतो.
म्हणून दर दोन तासांनी मी तिच्या ओट्यावर,
मान मागे टाकून, आणि ती माझी पापणी ओढून धरते
जशी मागावर तुटला धागा चिमटीत धरावी, श्वास रोखून.
काल थेंब जास्त झाला, ओघळून कानापाशी आला.
तिने पदराने टिपला.
"रडू नोको," म्हणाली,
आणि लगेच, झाकण लावता लावता,
"सहाच उरल्यात."